एका ओढणीला एकच हात

१

सकाळचे साडेआठ वाजले की रोमत चहाची बशी घेऊन अंगणात येई, आणि नऊ वाजून गेल्याशिवाय पुन्हा घरात पाऊल टाकत नसे. थंडी असो, धुळीचं वादळ असो. नव्या लाखणसरात याबद्दल तिला कुणी काही विचारत नसे, कारण इथे ज्याचं त्याचं काहीतरी होतंच. रंगारी जुसबभाई पंख्याखाली बसत नसत. ऐन उन्हाळ्यात घामाने निथळतील, पण पंखा लावू देणार नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानात वजनकाट्याशेजारी पाण्याने भरलेला एक पेला असे. तो पिण्यासाठी नव्हता, बघण्यासाठी होता. पाणी हललं की पळायचं. बावीस वर्षं दुकानदार रोज तो पेला भरत होता आणि गिऱ्हाईकंही धक्का न लावता त्याच्या बाजूने हात नेऊन सामान घेत होती.

बाहेरगावचे लोक हसत. त्यांना हसू द्यावं. सव्वीस जानेवारीच्या त्या सकाळी पावणेनऊला भूकंप आला तेव्हा कच्छात जे होते, त्यांना एकमेकांची वेडं समजतात.

रोमतचं दुसरं वेड म्हणजे दार. तिच्या घराचं दार कधी लागलं नव्हतं. जुन्या घराच्या उंबऱ्याचा एक तुकडा तिने आणून ठेवला होता, दोन हातांनी उचलावा लागेल असा. तो दाराला टेकवून ती उंबऱ्यावर बसे, एक पाय घरात, एक पाय बाहेर. गुडघ्यावर कापड घेऊन करंगळीच्या वाढवलेल्या नखाने ती त्यातला कणभर भाग उचलून धरी आणि त्याला धाग्याचे वेढे देई. ही बांधणीची गाठ; रंगात बुडवून ती उकलली की तिथे पांढरा ठिपका उरतो. अशा चार गाठींची एक कडी. बोलता बोलता, रागावता रागावता, कधी डुलकी घेता घेता तिच्या हातून कड्या पडत राहत.

घरात दोघीच. रोमत आणि तिला मासी म्हणणारी, तिच्या बहिणीची मुलगी तस्लीम. भूकंपात तस्लीम वर्षाची होती. आई गेली, बाप मस्कतला होता तो तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. रोमतचं लग्न त्याच वसंतात व्हायचं होतं, ते राहिलं ते राहिलंच.

तस्लीमलाही एक खोड होती. तिचं बोट स्वस्थ बसत नसे. ताटावर, दारावर, फोनच्या पाठीवर, मिळेल तिथे ते चारदा वाजे. टक टक टक टक. मग क्षणभर थांबे आणि पुन्हा चार.

"बोट आवर," रोमत डाफरे. "सासरी म्हणतील सुताराची पोर आणली."

"म्हणू देत. एखादा पाट ठोकून देईन."

रोमतला एरवी तिच्या थट्टेचं हसू येई. याचं येत नसे.

२

तस्लीमचा निकाह मांडवीच्या एका मुलाशी ठरला. मुलगा जहाजाच्या कारखान्यात होता, हसरा होता, आणि रोमतने दार उघडं ठेवलं तेव्हा त्याने कारण विचारलं नाही. एवढ्यावर रोमतने त्याला पास केलं.

तस्लीमने काहीही मागितलं नाही, फक्त एक गोष्ट मागितली.

"मला अम्मीची ओढणी हवी. पेटीतली."

पेटीत, सगळ्यांत तळाला, जुन्या चादरीत गुंडाळलेली चंद्रोखणी होती. नवरीची लाल ओढणी, मध्यभागी चंद्र. तस्लीमची आई सफुरा ती रोमतच्या लग्नासाठी बांधत होती. ढिगारा उपसताना जुसबभाईंना ती सफुराच्या मांडीवर सापडली. अजून रंगात न बुडलेली, अर्धी गाठींनी आवळलेली, अर्धी नुसत्या गेरूच्या ठिपक्यांची.

"ती अर्धी आहे," रोमत म्हणाली.

"मग पुरी कर. सगळ्या गावाच्या ओढण्या बांधतेस, माझीच जड झाली?"

"एका ओढणीला एकच हात लागतो. बांधणारी गेली तर गाठी उकलायच्या, कापड धुवायचं, नव्याने सुरू करायचं."

"उकलून टाकल्यावर त्यात अम्मीचं काय राहिलं?"

रोमतने जुसबभाईंना विचारलं. ते पासष्टीचे, तिच्या चुलत्यांचे थोरले चिरंजीव, आणि कुंडातल्या रंगात कोपरापर्यंत लाल झालेले.

"दोन हातांचं कापड मी आजवर रंगवलं नाही," ते म्हणाले. "गाठ म्हणजे बाईची सही. गर्दीतली सुद्धा ओळखतो मी. तुझी गाठ ज्वारीसारखी, सफुराची मोहरीसारखी. त्यात ती डावरी, तिचा धागा उलटा फिरायचा. शेजारी शेजारी दिसल्या तर लोक म्हणतील, एका बाजूला बहीण आणि दुसऱ्या बाजूला म्हैस."

"तुम्ही रंगवणार की नाही ते बोला."

"रंगवीन. पण मला भलं वाटत नाही, एवढं ऐकून ठेव."

त्या संध्याकाळी पेटी उघडी पडलेली असताना तस्लीमने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. लहानपणापासून वर्षातून एकदा तरी ती तो विचारत असे.

"मासी, अम्मी झटक्यात गेली ना? तिला कळलंच नसेल ना काही?"

"झटक्यात," रोमत म्हणाली. "छत आलं, आणि गेली."

हे खोटं होतं. ते खोटं आहे हे जगात फक्त रोमतला ठाऊक होतं, आणि तस्लीम सासरी जाण्याआधी ते सांगायचं की गिळून टाकायचं, हे तिला ठरवायचं होतं. कळल्यावर ही पोर आपल्या तोंडाकडे पुन्हा बघेल का, याचीच तिला धास्ती होती. जगात तिला दुसरं माणूस नव्हतं.

३

तिने निळा धागा घेतला. सफुराने पांढरा वापरला होता. निळा घेतला म्हणजे आपलं कुठून सुरू होतं ते आपल्याला दिसेल, हा तिचा हिशेब.

रेशीम इतक्या वर्षांनंतरही मऊ होतं. सफुराची शेवटची कडी तीनच गाठींची होती. चौथ्या ठिपक्यावर कापड नखाने उचलल्याची चुणी तेवढी होती. रोमत बराच वेळ त्या चुणीकडे बघत बसली. मग बिस्मिल्ला म्हणून तिने ती जागा सोडली आणि पुढच्या ओळीपासून निळी गाठ मारली.

पहिले चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी दुपारी ती भाकरी खाऊन, ताक पिऊन पुन्हा उंबऱ्यावर बसली आणि कापड गुडघ्यावर ओढलं. शेवटची कडी पुरी होती. चुणीच्या जागी चौथी गाठ बसली होती. पांढऱ्या धाग्याची, मोहरीएवढी.

"तस्लीम! ओढणीला हात लावलास?"

"मला बांधता येतं का?" आतून आवाज आला. "तूच म्हणतेस ना, माझ्या नखावर फक्त नेलपॉलिश राहतं."

ते खरंच होतं. रोमतने गाठ भिंगाखाली धरली. धागा उलटा फिरलेला होता.

आपलं लक्ष नसेल, तिने स्वतःला समजावलं. गाठ आधीपासून असेल आणि चुणी दुसरीकडे असेल. डोळे पंचेचाळिशीचे झाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुसऱ्या दिवशी ती भुजला जाऊन डोळे तपासून आली. नंबर तोच होता.

४

मग तिने शहाण्या बाईने करावं तसं केलं. दुपारी कामातून उठताना ती जिथे थांबली तिथे टाचणी लावू लागली.

टाचणीच्या पुढे रोज काहीतरी असे. कधी दोन कड्या, कधी सात. एकदा चंद्राची अख्खी एक पाकळी. सगळं पांढऱ्या धाग्यात. पांढऱ्या धाग्याची गुंडी पेटीतल्या चादरीत होती, तिथेच होती, पण हलकी होत चालली होती. धागा ओढायची नळी, ज्याला ते भूंगळी म्हणत, रोमत नेहमी टोपलीच्या उजव्या कडेला ठेवी. आता ती डावीकडे सापडू लागली.

हे सगळं दुपारी एक ते तीनच्या दरम्यान होई, गल्लीत ऊन पडलेलं असताना, बकऱ्या भिंतीच्या सावलीला बसलेल्या असताना. भीती वाटायची ती वेळच नव्हे. आणि खरं सांगायचं तर रोमतला पहिल्यांदा भीतीही वाटली नाही. काम सुंदर होतं. सफुराचं काम नेहमीच तिच्यापेक्षा सुंदर असे, आणि त्याचा तिला लहानपणापासून हेवा वाटे. आता तो पुन्हा वाटला, आणि हेवा वाटतोय हे कळल्यावर मात्र घाबरून तिने कापड खाली ठेवलं.

तिने झोप सोडली. दुपारी डोळा लागू नये म्हणून ती कडक चहा पिऊन बसू लागली. घड्याळ समोर ठेवलं. एक वाजून दहा मिनिटं. तिने एक कडी बांधली, दुसरी बांधली, मान वर केली. पावणेतीन.

गुडघ्यावरच्या कापडातलं काम बोटभर पुढे सरकलं होतं.

५

आवाज भिंतीतून आला. पलंगामागच्या, पश्चिमेच्या भिंतीतून. टक टक टक टक.

"तस्लीम, बोट आवर!"

तस्लीम अंगणातून कपडे घेऊन आत आली. दोन्ही हात भरलेले. "आता काय केलं मी?"

पाल असेल. पत्रा तापला की वाजतो. शेजारी नळाचं काम चाललं आहे. रोमतने एकेक करून सगळं तपासलं. पाल नव्हती. छत पत्र्याचं नव्हतं. नळाचं काम महिन्यापूर्वीच संपलं होतं. आणि पाल चारच वेळा चुकचुकून, उत्तराला पुरेल एवढी थांबून, पुन्हा चार कशाला चुकचुकेल?

तिने भिंतीला कान लावला नाही. उंबऱ्यावर सरकून दोन्ही पाय बाहेर घेतले आणि तिथूनच काम केलं.

त्याच आठवड्यात बाजरीचे रोटले थापता थापता तस्लीम सहज म्हणाली, "मासी, काल दुपारी तुझ्याकडे कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"मी मागच्या दाराने आले तर हळू बोलण्याचा आवाज येत होता. दोन बायकांचा. तू उंबऱ्याकडे पाठ करून आत बसली होतीस, भिंतीकडे तोंड करून. मला नवल वाटलं, तू आणि आत! म्हणून मी विचारलं, आत आणखी कुणी आहे का?"

रोमतचा हात परातीत थांबला.

"मग?"

"तू बोललीच नाहीस. नुसती वळून मान हलवलीस. नाही, नाही, अशी. डोळे उघडे होते तुझे." तस्लीमने तवा फिरवला. "माझ्याकडे बघत होतीस, पण बघत नव्हतीस. मला आवडलं नाही ते."

रोमत उठली, हात न धुताच अंगणात गेली आणि टाकीच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिला थंडी वाजत होती. दुपारचे बारा वाजले होते.

६

दमुबेन पूर्वी जुन्या गावात बालवाडी चालवत. भूकंपानंतर त्यांना कुणीतरी आठवडाभराचं शिक्षण दिलं, दुखावलेल्या माणसांशी कसं बोलायचं याचं. "त्या आठवड्यावर मी बावीस वर्षं काढली," असं त्या स्वतःच सांगत. त्यांनी बायकांना एका तंबूत गोल बसवून गाठी बांधायला लावलं होतं. हात चालू लागले की बायका बोलू लागत. एकेकीच्या तोंडून काय काय निघालं, ते दमुबेननी कुणाला सांगितलं नाही. रोमत त्या गोलात तीन वर्षं बसली, हजारो गाठी बांधल्या आणि एक शब्द बोलली नाही.

"तेव्हाच म्हटलं होतं, ही शेवटची बोलेल," दमुबेन म्हणाल्या. रोमतने बोलावलं म्हणून त्या आल्या होत्या आणि गुडघे धरून तिच्या अंगणातल्या बाजेवर बसल्या होत्या. "बोल. माझं आता वय झालंय, फार वाट बघायला लावू नकोस."

रोमतने आधी ओढणीचं, भिंतीतल्या आवाजाचं आणि तस्लीमने पाहिलेल्या मान हलवण्याचं सांगितलं. दमुबेननी अडवलं नाही.

"तुझेच हात असणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "होतं असं. माणसाचे तास गळून पडतात. मन एकीकडे बसतं, अंग दुसरीकडे काम करतं. आपल्या गावातला एक जण रोज जुन्या घराच्या जागी जाऊन कुलूप लावल्यासारखं करायचा. त्याला विचारलं तर म्हणे, मी कुठे गेलो होतो?"

"मी डावरी नाही."

"धर बघू भूंगळी."

रोमतने डाव्या हाताने प्रयत्न केला. धागा सुटला, कापड निसटलं. पाच वेळा केलं, एक गाठ बसली नाही.

"जागेपणी नाही येत," दमुबेन म्हणाल्या. "बरं, ते राहू दे. मान कशाला हलवलीस, ते सांग."

आणि रोमतने बावीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

छत आलं तेव्हा ती आणि तस्लीम पेटीच्या आडोशाला होत्या. मधे भिंत पडलेली, पलीकडे सफुरा. सुरुवातीला सफुराचा आवाज येत होता. ती एकच विचारत होती, पोर आहे ना? रोमत म्हणे, आहे. मग धूळ घशात जाऊन आवाज बसला, तेव्हा सफुरा नखाने दगडावर वाजवू लागली. एक कडी. चार. म्हणजे, आहे ना? रोमत चार वाजवून सांगे, आहे. पूर्ण दिवस, पूर्ण रात्र, दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होईपर्यंत. मग वरून उजेड आला. बाहेरगावची माणसं होती, देव त्यांचं भलं करो. त्यांनी पोर घेतली, रोमतला ओढून काढलं आणि एकाने वाकून विचारलं, आत आणखी कुणी आहे का?

"आणि मी मान हलवली," रोमत म्हणाली. "नाही म्हणून. मला ऐकू येत होतं, दमुबेन. ती माणसं मला उचलत होती आणि खाली ती वाजवत होती. चार. थांबायची. पुन्हा चार. मी उत्तर दिलं नाही. तोंडातून आवाज निघाला तो चौथ्या दिवशी. तोवर सगळं संपलं होतं."

दमुबेननी रोमतचा डावा हात आपल्या हातात घेतला.

"मान तू हलवली नाहीस. मान हलली. तेवीस वर्षांची पोर, दीड दिवस मातीखाली. अंगाला फक्त वर यायचं कळत होतं, बाकी सगळं बंद झालं होतं. हे मी शिकले ते आठवड्यात नाही, तुम्हा सगळ्यांकडे बघून शिकले."

"तस्लीमला हेच सांगू?"

"जे झालं तेच सांग. समजूत मागाहून घालता येते." त्या उठल्या, चपला शोधू लागल्या.

"आणि भिंतीतून वाजलं, तर?" रोमतने विचारलं.

"ते मला शिकवलं नाही गं," दमुबेन म्हणाल्या.

७

रोमतने ओढणी पुरी केली. की पुरी झाली, हे तिला सांगता आलं नसतं. शेवटचे दिवस ती सकाळी बसायची आणि दुपार कुठे गेली ते विचारायची नाही. रंगायला देतानाही तिने ती उघडून बघितली नाही.

जुसबभाई रंगवून, वाळवून ती स्वतः घेऊन आले. अजून गाठी आवळलेल्याच होत्या. बांधणी तशीच देतात. गाठी ताणून उकलायच्या त्या घेणारीच्या घरी. गाठोडं मुठीएवढं आखडलेलं, लाल. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"रोमत, तू मला वेडा समजतेस?"

"आता काय झालं?"

"म्हणालीस अर्धी आहे, पुरी करायची आहे. ही तर सबंध एका हाताची आहे. काठापासून चंद्रापर्यंत. सफुरा पुरी करून गेली होती, तर तसं सांगायचं. मी उगाच म्हशीचं बोललो."

"निळा धागा होता त्यात," रोमत म्हणाली. "माझा."

"निळा असता तर लालात काळा दिसला असता. एक नाही." त्यांनी गाठोडं पुढे केलं. "मी चाळीस वर्षं गाठी बघतोय, रोमत. ही कालची गाठ आहे. जुनी गाठ अशी टपोरी राहत नाही. मला काही सांगू नकोस. मी चाललो."

ते गेल्यावर तिने टोपली पालथी केली. तळाशी निळा धागा होता. तिने बांधलेला सगळा, उकललेला, वळ्या पडलेला, आणि नीट गुंडाळून त्याची गुंडी केलेली. उकललेला धागा टाकून देण्याची रोमतची सवय. गुंडी करून ठेवण्याची सफुराची.

८

ओढणी उकलायला शुक्रवारची सकाळ ठरली. गावातल्या बायकांना बोलवायचा रिवाज. पण रोमत म्हणाली, आपण दोघीच.

गाठी उकलताना रोमत भूकंपानंतर कुठेच हजर राहिली नव्हती. दोघी दोन टोकं धरतात, झटके देऊन ओढतात आणि गाठी एकामागून एक फुटत जातात, तड तड तड तड, भिंतीला चीर जावी तसा आवाज. त्या सकाळी छताच्या आधी हाच आवाज आला होता.

बाहेर वारा होता, रेशमाला धूळ लागली असती. म्हणून त्या आत बसल्या, ओढणीचे दोन कोपरे दोघींच्या हातात, तिसरा पश्चिमेच्या भिंतीशी पडलेला, चौथा जमिनीवर. दाराला दगड होता. रोमतने दोनदा वळून तो बघितला.

"धर," तस्लीम म्हणाली. "मासी, तुझे हात केवढे गार झालेत!"

"आधी ऐक."

तिने सांगितलं. दमुबेनना सांगितलं त्याहून थोडक्यात, कारण रडू न येता एवढंच सांगता येत होतं. अम्मी झटक्यात गेली नाही. अम्मी दगडावर चारदा वाजवून तुझ्याबद्दल विचारत होती, पोर आहे ना. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. ती वाजवत असताना मी वर आले.

तस्लीमने हातातलं टोक सोडलं नाही. पण तिचा चेहरा असा मिटला की रोमतला वाटलं, झालं. ही आता उठेल. एवढंच होतं आपल्याजवळ, तेही गेलं.

तस्लीम उठली नाही. तिने विचारलं, "चार?"

"चार."

तस्लीमने आपल्या बोटाकडे बघितलं. उजव्या हाताचं पहिलं बोट, बावीस वर्षं ओरडा खाल्लेलं. ते तिने वळवून, उलटंसुलटं करून बघितलं. कुणीतरी तिला ते आताच दिलं असावं तसं.

"मला चीड येतेय, मासी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुझी नाही. म्हणजे तुझी पण. इतकी वर्षं एकटीनेच सांभाळत बसलीस. ओढ आता."

त्या दोघींनी ओढलं.

पहिला झटका बसला आणि आवाज खोलीभर धावत गेला. रोमतचं सगळं अंग पळायला उठलं. पाय, मान, पोट. ती बसून राहिली. तड तड तड. लालात पांढरे कण उमलत चालले, मोहरीएवढे, एका हाताचे. काठ उकलला, वेल उकलली, चंद्राची कड उकलली. ओढणी मोठी होत होत खोलीभर पसरली.

चंद्राच्या मधोमध चार गाठी राहिल्या. त्या सुटेनात. दोघींनी दोन्हीकडून जोर लावला, तरी नाहीत.

"मासी," तस्लीम अगदी हळू म्हणाली, "ते टोक कशात अडकलंय?"

रोमतने बघितलं. भिंतीकडचा तिसरा कोपरा जमिनीवर नव्हता. तो वर उचललेला होता, बसलेल्या बाईच्या गुडघ्याएवढा, आणि ताणलेला. त्याच्या टोकाला कापडाची बारीकशी चुणी पडली होती, करंगळीच्या नखाने धरल्यासारखी. बाकी तिथे भिंत होती. तिने त्याहून जास्त बघितलं नाही.

भिंतीतून आवाज आला. टक टक टक टक. आणि थांबला, उत्तराला पुरेल एवढा.

रोमतचा हात उठला, पण तिच्याआधी तस्लीमने आपलं बोट जमिनीला लावलं.

"आहे, अम्मी," ती म्हणाली. "मी आहे. मोठी झाले." आणि चारदा वाजवलं.

रोमतनेही वाजवलं. करंगळीच्या नखाने, फरशीवर. बावीस वर्षं उशिरा. एक, दोन, तीन, चार.

मधल्या चार गाठी न ओढताच सुटल्या. तिसरा कोपरा खाली आला, सावकाश, कुणी हातातून अलगद ठेवावा तसा.

मग तस्लीमने ओढणी गोळा करून मासीच्या डोक्यावर टाकली. "आधी तू. तुझ्यासाठीच बांधली होती ना?"

"चल, काहीतरीच! म्हातारीला नवरी करतेय."

"बस ना क्षणभर. मला बघू दे."

रोमत बसली. ओढणीखाली लाल उजेड होता आणि गेरूचा जुना वास. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला की खोलीत आता वारा येत नाही. तिने ओढणी बाजूला करून बघितलं. दार लागलेलं होतं. जुन्या उंबऱ्याचा तो दगड दाराशी नव्हता. तो आतल्या बाजूला, पश्चिमेच्या भिंतीशी, नीट टेकवून ठेवलेला होता. तस्लीम जागची हललीच नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ होत होते. रोमतने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि बसून राहिली.